गॅस बिलाची एपीके फाईल: कर्वेनगरच्या एका पोळी-भाजी केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

कर्वेनगरात एका गल्लीत तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, चालवणाऱ्या ताई पंचावन्नच्या आसपास, सोबत काका आणि मदतीला दोन बायका. गिऱ्हाईक म्हणजे रूमवर राहणारी मुलं-मुली आणि ज्यांची पोरं बाहेरगावी आहेत असे आजी-आजोबा. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय, नावं तर कुणाचीच देत नाही. माझा संबंध नंतर आला, बँकेला आणि पोलिसांना द्यायचे कागद लिहायला मदत केली म्हणून सगळा क्रम माहिती आहे.

प्रकरण चतुर्थीच्या आदल्या शनिवारचं आहे आणि हे महत्त्वाचं आहे. कारण उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी, निम्मे पैसे अॅडव्हान्स, म्हणजे खात्यात एरवी पंधरावीस हजार असतात तिथे त्या दिवशी १,४२,००० होते. त्याच खात्याला जोडलेल्या दोन दोन लाखांच्या दोन एफडी. आणि हे सगळं एकाच फोनवर. ऑर्डरीचं व्हॉट्सअॅप तिथेच, बँकेचं अॅप तिथेच, ओटीपी येणारं सिम तिथेच, एटीएम कार्डाचा पुढून-मागून काढलेला फोटोसुद्धा गॅलरीत. काउंटरवर क्यूआर आणि शेजारी तो बोलणारा साउंडबॉक्स.

काय घडलं

दुपारी ४.४० ला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. डीपीला गॅस कंपनीचा लोगो, मजकूर असा की मागच्या महिन्याचं बिल सिस्टीमला अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० ला पाइप गॅस बंद होईल, ताबडतोब खालच्या अधिकाऱ्याशी बोला. लाइट बिलाच्या नावाने हाच मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, रात्री साडेनऊची वेळसुद्धा तीच, फक्त लाइटच्या जागी गॅस आला. पण ज्या बाईला दुसऱ्या दिवशी पहाटे उकड काढायची आहे तिला "गॅस बंद" ह्या दोन शब्दांपुढे काही दिसत नाही. त्यात बिल खरंच उशिरा भरलं होतं, त्यामुळे खोटं वाटायला जागाच नव्हती.

फोन केला तर पलीकडे हिंदीत बोलणारा एकदम अदबशीर माणूस. मॅडम घाबरू नका, फक्त बारा रुपये भरून बिल अपडेट करायचंय, फाईल पाठवतो. फाईलच्या नावात गॅस बिल आणि शेवटी एपीके. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अॅपच असतं, फक्त प्ले स्टोअरला वळसा घालून आलेलं. फोनने दोनदा वॉर्निंग दिली, त्या माणसाने दोन्ही वेळा "वो नॉर्मल है" म्हणून पुढे ढकललं. मग अॅपने मेसेज वाचायची परमिशन मागितली आणि स्वतःला एसएमएसचं डिफॉल्ट अॅप करा म्हणून विचारलं, ती दिली. मग फॉर्म आला, त्यात नाव, कार्ड नंबर, एटीएम पिन. बारा रुपये काही गेले नाहीत, सर्व्हर एरर आली, "दो घंटे में अपडेट हो जाएगा" म्हणून फोन ठेवला. ताई परत नारळ खवायला बसल्या.

बारा रुपयांचं इथे काहीच काम नव्हतं हे लक्षात घ्या. कार्ड नंबर आणि पिन त्यांनी स्वतः टाकला, ओटीपी आता अॅप परस्पर वाचून पुढे पाठवणार, आणि बऱ्याच बँकांत एवढ्यावर नेटबँकिंगचा पासवर्ड रीसेट होतो. ताईंनी नेटबँकिंग आयुष्यात एकदाच उघडलं होतं, एफडी करताना. चोरांनी ते त्यांच्यापेक्षा चांगलं वापरलं.

५.४८ ला कार्डावरून ४९,९०० ची ऑनलाइन खरेदी. ५.५६ ला दुसऱ्या साइटवर ३८,०००. ६.२० ला एक एफडी मोडली, दोन लाख खात्यात. ६.३१ ला नवीन बेनिफिशियरीला, म्हणजे पैसे पाठवायला नव्याने जोडलेल्या खात्याला, आयएमपीएसने (लगेच पैसे पोचवणारी सोय) ५०,००० गेले. पन्नासच का, तर ह्या बँकेत नव्या बेनिफिशियरीला पहिल्या चोवीस तासांत तेवढीच मर्यादा आहे. मग त्यांनी दुसरा बेनिफिशियरी जोडायला घेतला.

ह्या सगळ्या वेळात ताईंच्या फोनवर एकही मेसेज दिसला नाही कारण येणारे एसएमएस ते अॅप गिळत होतं. आणि साउंडबॉक्स? तो मस्त बोलत होता, दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले, पाचशे रुपये प्राप्त झाले. तो फक्त आलेले पैसे सांगतो, गेलेले सांगत नाही. साउंडबॉक्स घेतल्यापासून ताईंनी बँकेचे मेसेज बघणंच सोडलं होतं, म्हणजे मेसेज थांबलेत हे कळायलाही मार्ग नव्हता. मला ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त हीच गोष्ट खटकली, आणि आता रस्त्यावरच्या प्रत्येक भाजीवाल्याकडे ते यंत्र बघितलं की तीच आठवते.

कळलं कसं

योगायोगाने. मुलगी नाशिकला नोकरीला आहे, आईचं खातं उघडताना ईमेल म्हणून तिने स्वतःचा दिला होता, आईला ईमेल नाही म्हणून. ६.४० ला तिने मेल उघडला तर "आपली मुदत ठेव बंद करण्यात आली आहे". तिने आईला फोन केला, तू एफडी मोडलीस का गं? ताई म्हणाल्या मी कशाला मोडू, मोदकांची गडबड आहे, मग बोलते. मुलीने फोन ठेवू दिला नाही म्हणून बरं.

समोरचे पर्याय

इथून पुढची पंचवीस मिनिटं म्हणजे खरं प्रकरण. दुकानात काका, शेजारच्या सोसायटीतून धावत आलेला एक गिऱ्हाईक, वाकडहून मोदकांचे डबे न्यायला आलेला पुतण्या, आणि काकांच्या फोनवर स्पीकरला मुलगी. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आणि वेडेपणाचं कुणाचंच नाही.

पुतण्या म्हणाला आधी ते अॅप काढू, किंवा सरळ फॅक्टरी रीसेट मारू. तो आयटीतला, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. पण अॅपचा आयकॉन गायब होता, असली अॅपं इन्स्टॉल झाल्यावर आयकॉन लपवतात, तो सेटिंगमध्ये लिस्ट चाळत बसला आणि तेवढा वेळ फोन नेटवर चालूच. रीसेट मारला असता तर अॅप गेलं असतं, पण व्हॉट्सअॅपवरचं चॅट, त्या माणसाचा नंबर, ती फाईल, सगळा पुरावाही गेला असता.

काका म्हणाले फोन बंद करायचा नाही, चारशे मोदकांच्या ऑर्डरी त्यात आहेत आणि क्यूआर बंद पडला तर धंदा बंद. ह्यातलं पहिलं खरं, दुसरं चूक. क्यूआरचे पैसे खात्यात जमा व्हायला दुकानदाराचा फोन चालू असावाच लागत नाही. पण त्या क्षणी हे कुणाच्या डोक्यात येणार.

शेजारी म्हणाले शनिवार संध्याकाळ आहे, बँक बंद, सोमवारी सकाळी शाखेत जाऊन उभं राहू, मॅनेजर ओळखीचा आहे. पुण्यात हा सल्ला फार प्रेमाने दिला जातो.

आणि मुलगी म्हणत होती बँकेला फोन करा, आत्ता. काकांनी बँकेचा नंबर इंटरनेटवर सर्च करायला घेतला आणि तिथे ती ओरडली, कार्डाच्या मागे असतो तो नंबर लाव बाबा. हे तिचं ओरडणं लाखमोलाचं, कारण सर्चमध्ये खोट्या कस्टमर केअरचे नंबर पेरून ठेवलेले असतात आणि आधीच लुटलेला माणूस तिथे दुसऱ्यांदा लुटला जातो.

काय केलं

६.५२ ला काकांच्या फोनवरून बँकेचा माणूस लागला. काका म्हणाले "कार्डाचा फ्रॉड झालाय, कार्ड बंद करा". त्याने कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक दिला. नेटबँकिंगचं काका बोलले नाहीत आणि त्याने विचारलं नाही, हे मुलीच्या लक्षात आलं तेव्हा परत फोन, परत एक दाबा दोन दाबा. दरम्यान ७.०४ ला दुसऱ्या बेनिफिशियरीला आणखी ५०,००० गेले. पुतण्या तेव्हाही सेटिंगमध्येच होता.

मुलीच्या मेलवर तोही अलर्ट आला. तेव्हा तिने सांगितलं, दादा ते सगळं सोड, एअरप्लेन मोड टाक, वायफाय वेगळं बंद कर आणि सिम काढ. वायफाय वेगळं का, तर बऱ्याच फोनवर एअरप्लेन मोड टाकला तरी वायफाय चालू राहू शकतं. ७.०६ ला फोन नेटवरून गेला, त्यानंतर एक रुपया गेला नाही.

ते सिम त्यांनी काकांच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि ही आख्ख्या संध्याकाळची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. त्यानंतरचे ओटीपी आणि बँकेचे मेसेज आता एका साध्या, स्वच्छ फोनवर येऊन पडायला लागले, चोरांनी काय काय करून बघितलं त्याची आपोआप यादीच झाली. शिवाय बँकेला खात्री करायला रजिस्टर्ड नंबर हातात. त्याच फोनवरून ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग असेल तर तेही काढलं. हे करायलाच हवं, कारण फॉरवर्डिंग हँडसेटमध्ये नाही तर नेटवर्कवर बसतं, फोन बंद असला तरी तुमचा कॉल आणि कॉलवर येणारा ओटीपी दुसरीकडे जातच राहतो. कोड दाबून फॉरवर्डिंग लावायची सोय बंद करा असं दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना सांगितलं होतं, पण तेवढ्यावर विसंबू नये.

दुसऱ्या कॉलला मुलीने नीट शब्द वापरले: नेटबँकिंग बंद, यूपीआय बंद, आणि खात्याला डेबिट फ्रीझ. म्हणजे पैसे येऊ शकतात, जाऊ शकत नाहीत. काकांची क्यूआरची काळजी तिथे मिटली, खरं तर हा पर्याय पहिल्याच मिनिटाला माहिती असता तर अर्धं भांडण झालंच नसतं.

मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पुतण्याने आधी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरचं चक्षू उघडलं होतं, पण ते संशयास्पद कॉल-मेसेज कळवायला आहे, पैसे गेले असतील तर नाही. १९३० पहिल्यांदा लागला नाही, दोन फोनवरून लावत राहिले, लागला तेव्हा त्यांनी खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा वेगळा क्रमांक, विचारले. यूटीआर मुलीच्या मेलमध्ये होते. पोचक्रमांक मिळाला आणि मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरली. ही सगळी धावपळ कशासाठी, तर १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या ज्या खात्यांत पुढे सरकलेत तिथल्या बँकांकडे ती जाते आणि जेवढे शिल्लक असतील तेवढे रोखले जातात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, मिनिटांत पाचसहा खात्यांत फोडतात.

एक निर्णय राहिला होता आणि तो ताईंना सगळ्यात जड गेला. फोन चालू होता त्या वेळात त्यांच्या व्हॉट्सअॅपवरून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर तीच एपीके गेली होती, ती अॅपं अशीच पसरतात. ताई म्हणाल्या चतुर्थीच्या तोंडावर आमचा फोन हॅक झाला म्हणून सांगितलं तर कोण अॅडव्हान्स देईल, उद्या सकाळी बघू. काकाही त्याच मताचे. इथे पुतण्या बरोबर बोलला, काकू, उद्या सकाळपर्यंत कुणाचे तरी पैसे गेले तर मग खरंच कोण देईल? रात्री नऊला काकांच्या फोनवरून ग्रुपवर मेसेज गेला, दारावर पुठ्ठ्याचा बोर्ड लागला: आमच्या नंबरवरून आलेली कोणतीही फाईल उघडू नका, ऑर्डर तोंडी किंवा काकांच्या नंबरवर. दोघातिघांनी फाईल दाबलेली निघाली, पण त्यांच्या फोनच्या प्ले प्रोटेक्टने (अँड्रॉइडमधली घातक अॅप अडवणारी सोय) ती अडवली होती. ऑर्डर फक्त एकाने रद्द केली. चारशे मोदकांची यादी मदतनीस बाईंच्या वहीत होती, हा आणखी एक योगायोग, फोनवर विश्वास नाही म्हणून त्या सगळं लिहून ठेवतात आणि त्यावरून वर्षभर चेष्टा चालायची.

निकाल

एकूण गेले १,८७,९००. त्यातले ३८,००० तीन आठवड्यांत परत आले कारण त्या साइटवरची ऑर्डर अजून बाहेर पडली नव्हती, रविवारी सकाळीच त्यांच्या तक्रार विभागाला पोचक्रमांकासकट मेल केला होता.

दुसऱ्या आयएमपीएसचे ५०,००० बँकेने दिले पण सहज नाही दिले. आधीचं उत्तर ठरलेलं, पिन ग्राहकाने स्वतः दिलाय, जबाबदारी ग्राहकाची. आम्ही रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढलं. त्यात सरळ लिहिलं होतं, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं ग्राहक सोसेल, पण कळवल्यानंतरच्या व्यवहारांचं नुकसान बँकेचं. कळवलं ६.५२ ला, पैसे गेले ७.०४ ला. काकांच्या फोनचा कॉल लॉग, तक्रार क्रमांकाचा मेसेज आणि मेलवरचा अलर्ट, तीन कागद जोडले आणि अर्ज एका पानाचा ठेवला. बँक म्हणाली तुम्ही फक्त कार्डाचं सांगितलंत. आम्ही म्हटलं फ्रॉड सांगितला, बाकी काय काय बंद करायचं हे विचारणं तुमच्या माणसाचं काम, कॉलचं रेकॉर्डिंग काढा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असंही लिहिलं. जायची वेळ आली नाही.

पहिल्या ५०,००० पैकी ११,००० पुढच्या एका खात्यात अडकून सापडले, होल्डवर आहेत, सोडवायला कोर्टात अर्ज केलाय. उरलेले ८८,९०० गेले. त्यात ४९,९०० ची ती पहिली खरेदी गिफ्ट व्हाउचरची होती, ते काही मिनिटांतच वापरून झालं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

एपीके उघडायची नव्हती हे कुणीही सांगेल, ते सांगून फार उपयोग नाही, त्या दिवशी गॅसच्या भीतीने कुणीही उघडली असती. मला त्यानंतरच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

६.४० ला कळलं आणि फोन ७.०६ ला नेटवरून गेला. क्रम उलटा हवा होता, आधी नेट तोडायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँक, मग १९३०, आणि अॅप शोधणं वगैरे दुसऱ्या दिवशी. फोन त्यांनी रविवारी तसाच बंद ठेवला, चॅटचे आणि परमिशनच्या पानाचे फोटो दुसऱ्या फोनने काढले आणि रीसेट नंतर मारला, हे मात्र बरोबर केलं.

बँकेला "कार्ड" न म्हणता "खात्यावर फ्रॉड चालू आहे, सगळे डेबिट थांबवा" म्हणायला हवं होतं. ७.०४ चे पन्नास हजार परत मिळाले ते नशीब, न जाते तर दोन महिन्यांची पत्रापत्री झाली नसती.

पोर्टलवरची तक्रार पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवरून भरली आणि घाईत पोलिस ठाणं त्याच्या वाकडच्या हिशोबाने निवडलं. वाकड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, कर्वेनगर पुणे शहरात. कागद इकडून तिकडे यायला बरेच दिवस गेले. जिथे खातेदार राहतो तिथलं ठाणं टाकायचं, आणि हद्दीवरून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागायचा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची सोय कलम १७३ मध्ये आहे.

कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून सगळ्या बँकांना द्यायला लावली आहे. ताई कार्ड फक्त एटीएमला वापरतात. ते एक बटण बंद असतं तर पहिले ८७,९०० बहुतेक गेले नसते.

शेवटी घरात जो वाद झाला तो सांगतो कारण तो अजून पूर्ण मिटलेला नाही. पुतण्याचं म्हणणं, काकूला स्मार्टफोनच नको, बँकेचं सगळं मी बघतो. ताई म्हणाल्या धंदा माझा, पैसे माझे, तू बघणार म्हणजे मी तुला विचारून पीठ आणायचं का. मला ताईंचं पटतं, कारण उद्या पुतण्याचा फोन हॅक झाला तर दोघांचे जातील. मधला मार्ग मुलीने काढला. क्यूआर आता वेगळ्या खात्यावर आहे, त्यात चार दिवसांच्या गल्ल्यापेक्षा जास्त ठेवत नाहीत, दुकानाच्या फोनमध्ये फक्त तेच खातं. एफडीचं जुनं खातं नव्या सिमवर रजिस्टर केलं, शाखेत जाऊन फॉर्म भरून, आणि ते सिम त्या बटणांच्या फोनमध्ये घरी कपाटात. जुन्या खात्याचं नेटबँकिंग बंदच ठेवलंय, एफडीचं काही करायचं तर शाखेत. ईमेल अलर्ट मुलीला आणि काकांना दोघांना. फोनमध्ये अनोळखी अॅप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सअॅपला आणि ब्राउझरला दोन्हीकडे काढून टाकली, व्हॉट्सअॅपला टू-स्टेप पिन लावला, कार्डाचा फोटो गॅलरीतून उडवला.

ह्यात त्रास आहे. नारळवाल्याला मोठी रक्कम द्यायची असली की पैसे आधी शाखेतून वळवून आणावे लागतात आणि काका दर वेळी कुरकुरतात. पुतण्याचं म्हणणं एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा त्याच्यावर सोपवलेलं काय वाईट. ताई म्हणतात कुरकुर परवडली. ११,००० च्या अर्जासाठी मात्र तारखेला पुतण्याच जातो.